सागरी उद्याने: प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात समुद्र म्हटले की चोर्ला उतरून गोवा किंवा आंबोलीमार्गे मालवण, एवढेच ठरलेले असते. वाळूवर बसून येणे वेगळे आणि प्रवाळांच्या बेटांवर जाणे वेगळे. म्हणून ज्यांनी संरक्षित सागरी उद्याने पाहिली आहेत, त्यांनी गैरसोयींसह लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, बेळगाव

आपल्याकडून अंदमानला जाणारा बहुतेक माणूस सेल्युलर जेल पाहायला जातो. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचे नाव तिथे पोहोचल्यावर कळले. १९८३ साली स्थापन झालेल्या या उद्यानात पंधरा बेटे असून पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच, तीही हंगामानुसार आलटूनपालटून, खुली असतात. प्लास्टिकला सक्त मनाई असल्यामुळे होड्या सुटतात त्या वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या तपासतात. आमचा कुंदा नेमका प्लास्टिकच्या डबीत होता. सासूबाईंनी शांतपणे चिवड्याचा स्टीलचा डबा रुमालात रिकामा केला, कुंदा त्यात भरला, आणि मागची रांग तोवर खोळंबून राहिली.

खारफुटीच्या खाडीतून तासाभराचा प्रवास झाल्यावर मोठी होडी बेटापासून दूर थांबते आणि काचतळाच्या लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. काचेखाली पाहताना आधी माझी निराशाच झाली, हे स्पष्ट लिहिते. छायाचित्रांतले भडक रंग कुठेच नव्हते. तपकिरी, शेवाळी, राखाडी असाच सारा पसारा होता. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि प्रवाळाचा बराचसा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो, हे नंतर समजले. पाणी फार तापले की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० साली अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. म्हणजे ज्या तपकिरी रंगावर मी नाक मुरडले, तोच जिवंतपणाचा रंग होता.

तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी पडले, तेव्हा खरे दिसू लागले. खडकात रुतलेला एक मोठा शिंपला उघडा होता, कडेला निळसर, नागमोडी, मखमली ओठ. माझ्या हाताची सावली त्यावर पडली मात्र, ते ओठ आत ओढले गेले. मी हात मागे घेतला आणि तरंगत वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ते पुन्हा उघडले.

निपाणी

आम्ही वंडूरला सोमवारी पोहोचलो. सोमवारी उद्यान बंद असते. चूक आमचीच, आधी चौकशी करायला हवी होती. जवळच्या किनाऱ्यावर बसलो, तर तिथेही मगरींमुळे जाळी लावलेल्या भागातच पोहण्याची मुभा. लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

खानापूर

पोहता न येणाऱ्यांनी कच्छच्या आखातातील नरारा पाहावे. तेथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चे, देशातील पहिले. ओहोटीला पाणी इतके ओसरते की प्रवाळांच्या खडकावर चक्क चालत जाता येते. मात्र तिथी पाहून जावे: अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असते आणि पाणी पुरेसे उतरत नाही, तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते दूरवर मागे हटते. शिवाय ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबू नये. डबक्यांत समुद्रकाकडी, समुद्रफूल, खेकडे आणि एक ऑक्टोपसही दिसला. वाटाड्याने केंड मासा उचलून फुगवून दाखवला. मुलांना गंमत वाटली, मला नाही, कारण तो फुगतो तो भीतीने.

शहापूर, बेळगाव

इतक्या लांब जाणे न जमणाऱ्यांसाठी मालवण आहेच. तेथील सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे, क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. मी डिसेंबरात गेले, तरी पाणी गढूळ होते आणि दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. आमच्या होडीवाल्याने मासे जमावेत म्हणून पाव कुसकरून टाकला आणि नांगर सरळ खडकावर सोडला. मी बोलले तर हसला. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, वाळूत पडलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही, आणि इथे नांगराखाली किती मोडले असतील, कोण जाणे. खानापूरच्या काकांना एक विचारायचे आहे: नराराला पायांत काय घालावे?

खानापूर

चप्पल नको, चिखल ती ओढून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट नाडी घट्ट बांधून घालावेत, आणि वाटाडा पाय ठेवेल तिथेच, रेतीवर, आपला पाय ठेवावा. माझे बूट तीनदा धुतले, तरी मिठाचे पांढरे डाग अजून गेलेले नाहीत.