मदत हवी आहे: जर्मनीतलं शिक्षण लांबतंय, नागपुरातल्या कर्जाचं काय?

नमस्कार. जर्मनीत मास्टर्स करतेय. दोन वर्षांत 120 क्रेडिट्स, एका क्रेडिटमागे साधारण 30 तासांचा अभ्यास, वर बहुतेक विषयांचा निकाल एकाच लेखी परीक्षेवर. थीसिस त्यात बसत नाहीये, म्हणून एक सेमिस्टर वाढवतेय. विद्यापीठाची हरकत नाही, व्हिसाचंही बघितलंय.

अडलंय शैक्षणिक कर्जापाशी. हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू व्हायचेत, पण बँक जुनीच तारीख धरून बसलीये. बाबा नागपूरच्या उन्हात शाखेत जाऊन आले. 'युनिव्हर्सिटीचं लेटर आणा' एवढंच उत्तर. नोंदणीचा दाखला पाठवला, तर म्हणे यात कोर्स संपायची तारीख कुठाय? (त्यावर फक्त चालू सेमिस्टर छापलेलं असतं!)

मुदत वाढवून घेतलेलं कुणी आहे का? गाइडचं पत्र चालतं, की परीक्षा विभागाचंच लागतं? ऑक्टोबरपर्यंत मला येता येणार नाही. सहकर्जदार म्हणून बाबांच्या एकट्याच्या सहीवर काम होईल का?