फेकायचं रॉकेट आणि गड्ड्याचा बाण

'एकदा उडवून फेकायची रॉकेटं म्हणजे उधळपट्टी' असं कुणीतरी लिहिलंय. मान्य, पण ती परत यायला बनवलेलीच नव्हती हो! थॉर, अ‍ॅटलस ही मुळात अमेरिकेची क्षेपणास्त्रं. थॉरवर आणखी टप्पे चढवले, झाली डेल्टा ही रॉकेट. १३ मे १९६० ला तिचं पहिलंच उड्डाण फसलं. ऑगस्टमध्ये दुसरीनं एको-१ हा ३० मीटरचा चकचकीत उपग्रह-फुगा कक्षेत नेला.

मला वेड मात्र अ‍ॅटलसचं. टाकीचा पोलादी पत्रा कुठे कुठे मिलिमीटरपेक्षाही पातळ आणि आत सांगाडाच नाही. दाब भरून ठेवायचा, नाहीतर उभ्या उभ्या स्वतःच्या वजनानं चेपणार, हवा गेलेल्या ट्यूबसारखं. १९६२ मध्ये मरिनर-२ हे यान शुक्राकडे निघालं ते याच्याच जोरावर, वर अजेना नावाचा दुसरा टप्पा. असला पत्रा समुद्रात पडल्यावर काढून आणून करणार काय?

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतलं दारूकाम बघून आलं की आम्ही पोरं गल्लीत विझलेले बाण गोळा करायचो. एकदा एकात माचिसच्या काड्यांचा गुल भरून तो परत उडवायला गेलो. बाण जागेवरच, भुवया मात्र गेल्या.