सरगाठ म्हणजे आवळणारी की सुटणारी?

सातारा

मागच्या रविवारी बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेलो होतो. पायथ्याला उतरताना लाँचवाल्या आबांनी माझ्याकडे दोर फेकला आणि ओरडले, "त्या झाडाला सरगाठ मार रं!" मी मारली. आमच्या घरी सरगाठ म्हणजे फास, ओढू तितका आवळणारा. दिवसभर शिवसागर जलाशयाचं पाणी लाँचला हिसके देत होतं. दोर काथ्याचा, त्यात भिजून फुगलेला. संध्याकाळी गड उतरून आलो तर गाठ सुटेना. अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडायचं, त्यामुळे सगळ्यांची घाई. आबांनी गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सरगाठ सांगितली तर ही निरगाठ कुणी घातली?" म्हणाले, आणि कोयत्याने दोर तोडला.

तर जाणकारांनो, सरगाठ नेमकी कोणती? आणि सुरगाठ म्हणतात ती हीच का?

कऱ्हाड

तुम्ही दोघंही बरोबर, म्हणूनच दोर तुटला.

सुरगाठ आणि सरगाठ बोलण्यात एकच. शब्दकोशात सुरगाठीच्या समोर निरगाठ उभी असते. एक सहज सुटणारी, दुसरी न सुटणारी. पण बोलताना आपल्या कानाला 'सर'मध्ये सरणं, सरकणं ऐकू येतं. सरते ती सरगाठ. आता काय सरतं, ते बघा. पायजम्याच्या नाडीला मारतो तिच्यात मोकळं टोक सरतं, ओढलं की गाठ सुटते. फासात गाठच दोरावरून सरते, ओढलं की आवळते. शब्द एक, ओढण्याचे परिणाम उलटे. आबांच्या डोक्यात नाडी होती, तुमच्या डोक्यात फास.

निरगाठीचा असा घोळ नाही. तिच्यात काहीच सरत नाही. नखं तुटतात, दात लावावे लागतात.

पलूस

कऱ्हाडच्या दादांनी टोक आणि गाठ वेगळी केली ते फार आवडलं. पण आमच्या गोठ्यात तिसरा प्रकार आहे आणि तो या दोन्ही शब्दांत बसत नाही.

जनावराच्या गळ्यातलं दावं आठवा. एका टोकाला फासा, म्हणजे न सरणारं वेटोळं, दुसऱ्या टोकाला जाडशी गाठ. गाठ फाशात अडकवली की दावं बसलं. बैलाने कितीही हिसका दिला तरी गळ्याभोवतीचं माप तेवढंच राहतं, आणि माणसाला ते एका हाताने निघतं. म्हणजे आवळत नाही आणि अडकूनही बसत नाही. गळ्यात फास घालणाऱ्या गड्याला माझ्या सासऱ्यांनी एकदा भर चौकात शिव्या घातल्या होत्या. घसरून पडलं जनावर तर स्वतःच्या वजनानेच मरायचं. उलट आडातून घागर काढायची तर फासच हवा. घागरीच्या गळ्याला तो आवळला नाही तर घागर तळाला.

पूर्वी बेंदराला, बैलांच्या सणाला, नवे कासरे, नव्या वेसणी यायच्या, घायपाताच्या वाखाच्या. दोर वळणं हे मातंग समाजाचं पिढीजात काम. गाठींची आणखी नावं त्यांच्याच घरांत मिळतील, शब्दकोशवाले तिथवर किती पोचले कुणास ठाऊक. आता सगळीकडे नायलॉन. बाजारात रंग बघून घेतात. नायलॉन गुळगुळीत, त्यात जुन्या सवयीने मारलेली गाठ आपोआप ढिली होते, तेव्हा मोकळ्या टोकाचं शेपूट जरा लांब सोडा.

सांगली

पलूसच्या ताईंनी सांगितलेला तिसरा प्रकार पुरात जीव वाचवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. नदीकाठच्या गावांत अशा वेळी गुऱ्हाळातली काहील, गूळ करायची मोठी कढई, सुद्धा नाव म्हणून पाण्यात उतरते. माडीवरून माणूस खाली घ्यायचा तर काखेखालून दोर लागतो. तिथे कुणी "सरगाठ मार" म्हणाला आणि ऐकणाऱ्याने फास टाकला तर छाती आवळून श्वास कोंडतो. अशा जागी शब्दाचा अर्थ विचारायला वेळ नसतो.

पाण्याकाठचे आणखी दोन शब्द टाकतो, विषयाला सोडून वाटतील, पण नाहीत. पहिला सांगड. दोन नावा एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड, आणि पोहायला शिकताना पाठीला बांधायचे वाळके भोपळे तीही सांगड. सभेत वक्ते 'परंपरा आणि आधुनिकतेची सांगड' घालतात ती इथली. सांगडीला निरगाठच पाहिजे, मध्यावर सुटली तर काय करायचं?

दुसरा कास. पोहणाऱ्याच्या कमरेचा काचा धरून मागचा तरतो, ते कासेला लागणं. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात देव भक्तांना पैलतीराला नेतो, त्यात कुणाला 'ध्यानकासे' लावतो, कुणाच्या पोटाला 'प्रेमाची पेटी' बांधतो. पेटी बांधलेली, कास मात्र नुसती धरलेली. म्हणून भाषेत कास धरताही येते आणि सोडताही येते. वाहत्या पाण्यात हेच खरं. उतरणाऱ्याने अंगाला दोर निरगाठीने बांधू नये. दोर ताणला गेला की धार माणसाला पाण्याखाली दाबते, आणि त्या ताणात गाठ सुटत नाही.

वाई

गडांवर दोर लावणाऱ्यांपैकी मी एक. ताईंच्या तिसऱ्या प्रकाराचं काम करणाऱ्या गाठीला आम्ही बोलाईन (इंग्रजीत bowline) म्हणतो. दोरात छोटा फासा करायचा, मोकळं टोक त्यातून खालून वर काढायचं, मुख्य दोराच्या मागून वळवायचं आणि त्याच फाशातून परत खाली. वजन आलं तरी माप बदलत नाही, आणि नंतर सुटते. खोड एकच, ताण नसताना हलत राहिली तर सैल होते. म्हणून कड्यावर कमरेच्या पट्ट्याला आठच्या आकड्याची गाठ, बोलाईन मारलीच तर शेपटाला आणखी एक गाठ. आणि कुठलीही गाठ मारा, दोर तिथे कमजोर होतोच, चांगल्या गाठीतही पाव हिश्श्याच्या आसपास ताकद जाते.

बोलाईनला मराठी शब्द हवा असं वाटतं, पण बनवलेले शब्द ऐकले की अंगावर काटा येतो. 'अनाकुंचनी पाशबंध' असलं काही दोर हातात धरून ओरडता येणार नाही. दावंगाठ कशी वाटते?

कऱ्हाड

दावंगाठ चालेल, ऐकताच कळते. पण सरगाठ शब्द कड्यावर आणि पाण्यावर वापरूच नये असं माझं मत झालं. 'फास टाक' म्हणा नाहीतर 'नाडीची मार' म्हणा. घरात गोणीचं तोंड बांधताना सरगाठ म्हणा खुशाल.

पलूस

'नाडीची मार' हे आमच्या गड्याला सांगितलं तर दिवसभर हसेल. पण गाठ बरोबर मारेल.

सातारा

सगळ्यांचे आभार. काल आबांना फोन केला, दोराचे पैसे देतो म्हणालो, तर नको म्हणाले. दावंगाठ सांगितली. "म्हंजे लाँचची गाठ की," म्हणाले, "तीच मार म्हणत होतो." म्हणजे आबांना नाडीची सुद्धा नको होती! तुटलेला तुकडा मी घरी आणलाय. चार दिवस उन्हात ठेवला, पक्कडसुद्धा लावून बघितली. अजून सुटलेली नाही.