कोकणातला 'चेरी ब्लॉसम' शनिवार-रविवारात कॅमेऱ्यात कसा धरायचा?

कॅमेरावाला_डोंबिवली (प्रश्न, जानेवारी)

नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात शिलाँगला चेरी ब्लॉसम बघून आलो. हो, नोव्हेंबरातच. तिकडची रानटी हिमालयी चेरी पावसाळा सरल्यावर फुलते, जपानसारखी वसंतात नाही. मलाही हे तिकीट काढायला बसलो तेव्हाच कळलं. शनिवार-रविवारला एक रजा जोडली, गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे तीन-साडेतीन तास गाडी. वॉर्ड्स लेकपाशी झाडं खरोखर फुललेली होती, पण आभाळ दिवसभर पांढरंफटक. त्या आभाळावर फिकी गुलाबी फुलं म्हणजे मीटर फसणारच. घरी येऊन बघतो तर सगळी फुलं राखाडी. उरलेल्या फोटोंत लोकांची डोकी आणि डोक्यांच्या वर धरलेले मोबाइल. बायको म्हणाली, एवढ्या पैशात हॉलला रंग झाला असता.

आता परवा एक रील आली. 'कोकणातला चेरी ब्लॉसम' म्हणे. रस्त्याच्या कडेला एक पान नसलेली, फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं. शिमगाही जवळ आलाय, तेव्हा वाटलं की झाडं आणि पालखी दोन्ही एकाच फेरीत उरकावं. गाडी नाही, रेल्वेनेच येणार. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर हजर. सामान: जुना क्रॉप सेन्सरवाला कॅमेरा, सोबत आलेली १८-५५, एक ३५ मिमी १.८ आणि मित्राकडून मागून घेतलेली १०० मिमी मॅक्रो. कुठे जाऊ, कधी जाऊ?

रानवाटसरू

रीलमधली झाडं गिरीपुष्पाची आहेत. मूळची मध्य अमेरिकेतली. आपल्याकडे कुंपणाला आणि हिरवळीच्या खताला लावतात. उंदरांना विषारी, म्हणून काही जण उंदीरमारी म्हणतात. फुलतं देखणं, त्यात वाद नाही. पण त्याला चेरी म्हणणं म्हणजे ताटात बांगडा वाढून पापलेट म्हणून सांगणं.

झाडंच हवी असतील तर फेब्रुवारी-मार्चात पांगारा, काटेसावर, पळस बघा. तिघांचीही पानं गळलेली असतात आणि रंग असा की पांढऱ्या आभाळावरही मरत नाही. सकाळी साडेआठपर्यंत पांगाऱ्यावर साळुंक्या आणि बुलबुल रस प्यायला भांडत असतात. लालभडक झाड दिसलं म्हणून गाडी थांबवायला लावाल आणि जवळ गेल्यावर ती फुलं नसून कोवळी पानं निघतील, तर तो कुसुंब. लाज वाटून घेऊ नका, सगळे फसतात. आणि फांदीन् फांदी निळ्या-जांभळ्या फुलांनी माखलेलं बुटकं झाड दिसलं तर ती अंजनी. तुमच्या चेरीच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर ते हेच.

सुरंगी_माहेर

मी मूळची वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोलीची, सध्या कुडाळला राहते. रानवाटसरूंनी सगळी झाडं सांगितली आणि सुरंगी तेवढी विसरले. बरोबरच आहे म्हणा, सुरंगी रस्त्यावरून दिसतच नाही.

दादा, तुमच्या प्रश्नातच एक घोटाळा आहे. फुललेलं झाड लांबून दिसेल, आपण त्याच्या खाली उभं राहायचं, असं तुम्ही धरून चाललाय. सुरंगीचं झाड बारा महिने गर्द हिरवं. जाड, काळपट पानं. फुलं फांदीच्या शेंड्याला येत नाहीत, जुन्या जाड फांदीला घोसानं चिकटून येतात. वाटाण्याएवढी कळी, उमलली की पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुबका. लांबून बघाल तर झाड नेहमीसारखंच. वास येतो तेव्हा कळतं की आलं. आणि मुख्य म्हणजे पूर्ण फुललेल्या सुरंगीचा फोटो आमच्या घरात कोणाकडेच नाही, कारण पूर्ण फुलू देणं आम्हाला परवडत नाही. वळेसाराला, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याला, कळी लागते. उमललेल्या फुलाला भाव नाही.

त्यामुळे पहाट. आमच्याकडे चार झाडं आहेत. आई अडुसष्ट वर्षांची. साडेपाचला बॅटरी घेऊन बाहेर पडते, वर माझा भाऊ नाहीतर शेजारचा गडी चढतो. खाली जुनी लुगडी अंथरलेली असतात. हाताशी येतं ते हातानं, लांबचं आकडीनं फांदी ओढून. उन्हं झाडात शिरायच्या आत काम आटपावं लागतं. एकदा कळ्या उमलायला लागल्या की मधमाश्या येतात, आणि थोड्याथोडक्या नाही, अख्खं झाड गुणगुणतं. मग वरच्या माणसाला खाली यावंच लागतं. सात-साडेसातला आई आणि काकी ओट्यावर वळेसार करायला बसतात, केळीच्या दोऱ्यात. पहिल्या एसटीला माल वेंगुर्ले, सावंतवाडीच्या बाजारात. उरलेली कळी वाळवून किलोवर व्यापाऱ्याला, ती अत्तरासाठी आणि रंगासाठी जाते.

म्हणजे तुमच्या दोन दिवसांत सुरंगीची सकाळ एकच, रविवारची. कोकणकन्येनं शुक्रवारी रात्री निघालात तरी शनिवारी कुडाळला उतरेपर्यंत आमचं काम संपलेलं असतं. शनिवारी दुपारी झाडं नुसती बघून ठेवा, उजेड कुठून येतो, कुठली फांदी कुठे वाकलीय. आरवलीला वेतोबाच्या देवळात जाऊन या. देवाला वाहिलेल्या हातभर लांबीच्या चपला बघा आणि केळ्यांचे घड बघा. ते फोटो कोणीही काढतं, तुम्हीही काढा.

फोटोचं मला जेमतेम येतं, पण दोन गोष्टी चुकून-माकून शिकलेय. झाडाखाली साडेसहाला सुद्धा अंधार असतो, तुमची १.८ तिथेच कामाला येईल. आणि काळोख्या पानांत पांढरी कळी असली की कॅमेरा सगळंच उजळायला बघतो, कळी जळून जाते. एक्सपोजर पाऊण-एक घर (स्टॉप) उणे करा. शिलाँगला पांढऱ्या आभाळामुळे तुम्हाला याच्या बरोबर उलटं करायला हवं होतं.

आता थोडं कडू. दोन वर्षांमागे एक फोटोवाल्यांचा गट आला होता, नाव घेत नाही. सात जण. विचारलं नाही, 'आम्ही फक्त फोटो काढणार' म्हणून परड्यात शिरले. एकानं ड्रोन उडवला, माश्या उठल्या, गडी वर होता. दुसरा मागे सरकत सरकत थेट लुगड्यावर. आई ओरडली, "पाय बघून ठेव रे, खाली माजे पैशे पडलेले आसत!" त्यांना ते इतकं मजेशीर वाटलं की तिला परत बोलायला लावलं, व्हिडिओसाठी. त्या दिवसापासून आई कॅमेरा दिसला की आत जाते.

तुम्हाला घेऊन जायला मी तयार आहे. ड्रोन नाही, अंगाला सेंट नाही, आणि आधी लुगडं धरायला मदत, मग कॅमेरा.

पालखी_खांद्यावर

ताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं. मी रत्नागिरी तालुक्यातला. पालखीबद्दल सांगतो, पण आधी एक: रत्नागिरीकडची नाचती पालखी आणि वेंगुर्ल्याची सुरंगी एका शनिवार-रविवारात बसणार नाही. मधे चार-साडेचार तास गाडी आहे आणि शिमग्यात गाडी वेळेवर मिळेल ह्या भरवशावर आम्ही पण राहत नाही. एक काहीतरी सोडा.

होळी तिथीवर. २०२४ ला २४ मार्च, २०२५ ला १३ मार्च, २०२६ ला मार्च उजाडताच. पण पालखी काय एका दिवसाची नसते. रुपं (देवाचे मुखवटे) लागली, देव पालखीत बसला, होळी झाली की मग घरोघर. आमच्या गावात शेवटच्या घरापर्यंत जायला आठवडा वर जातो. गावागावाचे दिवस वेगळे, म्हणून नेटवर बघू नका, गावात फोन लावा. मुंबईतला प्रत्येक तिसरा चाकरमानी तुम्हाला तारीख सांगेल.

फोटोवाले सगळे समोरून काढतात, रुपांचे. मी खांद्यावर असतो म्हणून सांगतो, खरी गंमत खाली आहे. पालखी नाचताना आमचे पाय बघा. नाहीतर शेरणं काढतात तेव्हा या. नारळ पुरून ठेवलेला असतो, पालखी फिरते, घुमते, आणि एका जागी येऊन दांडा टेकते. तिथे खणायचं. त्या वेळी माणसांची तोंडं बघण्यासारखी असतात. देवावर विश्वास असो नसो, सगळे वाकून बघतात.

फ्लॅश मारू नका. खांदेकऱ्याच्या डोळ्यावर फ्लॅश आला तर पालखी डगमगते, आणि मग गाव तुम्हाला काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. माझ्या मेव्हण्यानं बदलली. त्याच्या आभाळात अजून तीन गुलाबी ठिपके आहेत, प्रत्येक फोटोत, त्याच जागी.

रत्नागिरीकर_टोकियोत

इथे सात वर्षं आहे म्हणून दोन ओळी. जपानात ज्या झाडाचे फोटो तुम्ही बघता ती बहुतेक सोमेई योशिनो, सगळी कलमं, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. म्हणून एका परिसरातली सगळी एकदम फुलतात आणि आठवडाभरात एकदम झडतात. टोकियोचं नमुन्याचं झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. हवामान खात्याचा माणूस येऊन त्यावर पाच-सहा फुलं मोजतो, मग फुलोरा सुरू झाल्याचं जाहीर होतं. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. टीव्हीवर त्या माणसाच्या बोटामागे डझनभर कॅमेरे असतात.

सुरंगीताईंचं वाचलं आणि वाटलं, आपल्याकडे ते खातं त्यांच्या आईकडेच आहे. फक्त तिनं पाच फुलं उमललेली मोजली तर तिचं पाच फुलांचं नुकसान. बाकी इथला माझा एकही साकुराचा फोटो शेजाऱ्याच्या फोटोपेक्षा वेगळा नाही. हेवा वाटतोय तुमचा.

कॅमेरावाला_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. पालखी सोडली (मनावर दगड ठेवून). ७-८ मार्च ठरवलं. आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं आणि शिमग्याचं काही मिनिटांत संपतं हे ऐकून होतो, तरी प्रतीक्षा यादीत सव्वीसावा आहे. ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. लुगडं धरायची सवय करायला घरी चादरी घड्या करतोय, बायको खूश आहे.

सुरंगी_माहेर

या. शनिवारी रात्री जमलं तर कुडाळच्या बाजूला रोंबाट (शिमग्यातली सोंगांची मिरवणूक) कुठे आहे का ते भाऊ विचारून ठेवेल. नेरूरसारख्या गावात बघण्यासारखं असतं. पण रात्री दोनपर्यंत तिथे रमलात तर साडेपाचला मी उठवणार नाही.

कॅमेरावाला_डोंबिवली (मार्च)

जाऊन आलो. तिकीट शेवटच्या दिवशी पक्कं झालं.

रोंबाटाला गेलो नाही, नऊला झोपलो. साडेपाचला ताईंचा भाऊ आणि मी परड्यात. आधी अर्धा तास लुगडी धरली. वरून कळ्या पडतात तेव्हा पावसाच्या पहिल्या सरीसारखा आवाज येतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. वास इतका की थोड्या वेळानं यायचाच बंद होतो. मग ताईंचा भाऊ म्हणाला, आता काढा.

एकूण दोनशे दहा फोटो. झाडाचे पासष्ट, सगळे काळे ढोण, त्यात भाऊंची फक्त टाच दिसते. मॅक्रोनं काढलेल्या कळ्या बऱ्या आल्या, पण वारा होता, तीनच धारदार. एक घर उणे केलं म्हणून पांढरा रंग टिकला. पानांच्या सावलीतला हिरवट रंग मात्र घरी येऊन काढावा लागला.

सातला ऊन आलं आणि माश्या आल्या. खोटं नाही, मी पळालो. भाऊ हसत हसत सावकाश उतरले.

आई सुरुवातीला खरंच आत गेल्या होत्या. वळेसार करायला ओट्यावर आल्या तेव्हा मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि बसलो. त्यांनी विचारलं, "झाडाचो फोटो काडलंस मा? मगे हय कित्याक बसलंस?" म्हटलं, गाडी रात्रीची आहे. मग त्यांनी मला दोरा धरायला दिला. मला जमलं नाही, माझा वळेसार सोडून परत केला. सावंतवाडीची एसटी जवळ आली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, काढ आता एक, लवकर. ३५ मिमीनं एकच काढला. केळीचा दोरा दातात धरलेला, मांडीवर कळ्यांची टोपली, नजर माझ्याकडे नाही, एसटीच्या रस्त्याकडे. किंचित हललाय. तरी घरात लावायला हाच निवडला.

ताई, प्रिंट कुठल्या पत्त्यावर पाठवू? बारा बाय अठरा करतोय.

सुरंगी_माहेर

पत्ता निरोपात देते. आई म्हणते एवढा मोठा नको, भिंतीला खिळा ठोकायला लागेल. पाकिटात मावेल असा पाठवा. आणि भावाच्या टाचेचा पण एक द्या, वहिनी मागतेय.