डोळ्यांपेक्षा शृंगिका बघा

डोक्यातून निघालेल्या लांब देठांच्या टोकाला डोळे असलेल्या माशीचा फोटो इथे ओळखीसाठी टाकलाय. त्यावर ‘डोळे देठांवर आहेत म्हणजे डायोप्सिडी (अशा माश्यांचं एक कुळ) कुळच’ असं जे मत आलंय, ते मला पटत नाही. असे डोळे इतर काही कुळांतल्या माश्यांनाही असतात. खरी खूण म्हणजे शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या स्पर्शिकांची जागा. डायोप्सिडीत त्या डोळ्यांसोबत पार देठांवर गेलेल्या असतात, शिवाय पुढच्या पायांच्या मांड्या फुगीर. या फोटोत चेहरा मोठा करून पाहा: दोन आखूड शृंगिका मधोमध, अगदी जवळजवळ आहेत. त्यात फोटो न्यू गिनीच्या वर्षावनातला, म्हणून मी प्लॅटिस्टोमॅटिडी कुळातल्या अकियास वंशाचं नाव घेईन, आणि तोही नर. अकियासमध्ये असे लांब देठ सहसा नरालाच असतात, डायोप्सिडीत माद्यांनाही.

नेमकी प्रजाती मात्र एवढ्यावरून ठरवू नये. इकडे नागपुरात पावसाळ्यात अंबाझरी तलावाच्या बाजूला माश्या टिपताना हाच अनुभव येतो. वरून फोटो देखणा येतो, पण पंखांच्या शिरा आणि चेहरा निसटतो. सकाळी लवकर, पानं ओली असताना माशी सुस्त बसते, तेव्हा समोरून आणि बाजूनेही घेता येतो. तुमच्याकडे त्याच माशीचा बाजूने घेतलेला एखादा असेल तर नक्की टाका, पंखांवरचे पट्टे नीट दिसले पाहिजेत.