४२९४९६७२९७ : फर्माची कसोटी 'मूळ' म्हणते, पुस्तक 'संयुक्त'. खरं काय?

घातमोजणी : संख्या २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. हिला न म्हणू. फर्माच्या छोट्या प्रमेयाने (न मूळ असेल, तर न ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही पायाच्या न−१ व्या घाताला न ने भागून बाकी १ उरते) पाया २ घेऊन तपासली, २^(न−१) ची बाकी १ आली. तरी पुस्तकात ती संयुक्त दिली आहे. शिवाय सी प्रोग्रॅममध्ये हीच संख्या छापली की १ दिसतं! चुकतंय कुठे? आणि हाताने अवयव काढायचे तर वर्गमूळ ६५,५३६ च्या पुढे, तिथवरच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागत बसायचं का?

बाकीशून्य : गणित बरोबर आहे, पाया चुकीचा निवडलात. न ने भागता २^३२ ची बाकी −१ (न ला एक कमी पडतो), म्हणून २^६४ ची १. तुमचा घात न−१ = २^३२ हा ६४ च्या पटीत आहे, त्यामुळे १ येणारच, मग संख्या मूळ असो वा नसो. मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटीसुद्धा पाया २ वर इथे फसते. पाया ३ घ्या, बाकी १ येत नाही, म्हणजे संख्या संयुक्तच.

प्रोग्रॅमचं म्हणाल तर ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटमध्ये (ऋण चिन्ह नसलेल्या पूर्णांकात) ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं, पुढे शून्यापासून परत मोजणी. ६४ बिट घेतलेत तरी सांभाळा: मधे बाकी २^३२ आली की वर्ग २^६४ होतो, जेमतेम एक बिट जास्त, आणि १ ऐवजी ० मिळतो. पायथनमध्ये ही कटकट नाही.

दशमान : ६,५४२ भागाकार कशाला? हिचा कुठलाही मूळ अवयव १२८क + १ (क पूर्णांक) अशाच रूपाचा असतो. (ऑयलरने ६४क + १ वापरलं होतं, १२८ ही गणितज्ञ ल्युकाची सुधारणा.) १२९, ३८५, ५१३ संयुक्त, सोडून द्या. २५७ ने भाग जात नाही. पुढचा ६४१, आणि जातो! १७३२ मध्ये ऑयलरने हाच काढून, २^(२^म) + १ रूपाच्या सगळ्या संख्या मूळ असतात हा फर्माचा अंदाज मोडला.

भागाकाराशिवायही दिसतं. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ६४१ ने भागता ५×२^७ ची बाकी −१; चौथा घात केला की ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ चालतं. −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो, झालं काम.

घातमोजणी : सुरेख! ६४१ ने भागून उरलेला अवयव ६७,००,४१७ मूळच आहे हे कशावरून?

दशमान : त्याचे अवयवही त्याच साच्यातले हवेत आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. त्या टप्प्यात साच्यातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही.

बाकीशून्य : म्हणजे विभाजक चारच, त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. न पेक्षा लहान आणि न शी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.