गोळ्या थांबल्या, पण शरीर पूर्वीसारखं झालं नाही: तुमचे अनुभव लिहाल का?

माचीवरचा

हा धागा काढायला मला दोन वर्षं लागली. घरात लैंगिक त्रासाचा विषय निघत नाही, मित्रांत काढावा तर चेष्टा होते, आणि दवाखान्यात बोलायला तोंड उघडावं तर अर्ध्या दारातून पुढचा पेशंट आत डोकावत असतो.

२०१९च्या गणपतीत मला पॅनिक ॲटॅक सुरू झाले. लोकलमध्ये ठाणं सुटलं की छाती आवळायची, मुलुंडला उतरून बाकड्यावर बसायचो. एसिटालोप्राम ही घबराट आणि नैराश्यावरची गोळी सुरू झाली, आधी १० मिलिग्रॅम, मग २०. गोळ्यांनी काम केलं, हे आधी सांगतो. दीड-दोन महिन्यांत मी पुन्हा गर्दीच्या गाडीत चढायला लागलो. त्याच सुमारास लैंगिक इच्छा गेली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बंद झाल्या की होईल पूर्ववत." मीही निर्धास्त झालो.

दोन वर्षांनी त्यांच्याच सल्ल्याने, डोस हळूहळू उतरवत, २०२२च्या सुरुवातीला गोळ्या बंद केल्या. तीन वर्षं उलटून गेली. इच्छा मधूनच येते, पण संवेदना नाही. दात काढताना भूल दिलेला गाल कसा लागतो हाताला? स्पर्श कळतो, पण तो आपला वाटत नाही. शेवट झाला हे फक्त कळतं, त्यात सुख नसतं.

याला पीएसएसडी म्हणतात, म्हणजे एसएसआरआय गटातली (एसिटालोप्राम त्यातलीच) गोळी थांबवल्यानंतरही टिकून राहणारा लैंगिक त्रास. नाव कळलं त्या रात्री मी रडलो, कारण तोवर दोन डॉक्टरांनी "मनातून काढून टाका" एवढंच सांगितलं होतं. अमेरिकेत याच गटातल्या फ्लुऑक्सेटिनच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख २०११ पासून आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०१९ मध्ये या गटातल्या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत हा इशारा घालायला सांगितला. कॅनडाने २०२१ मध्ये, हे क्वचित घडतं असं नोंदवून, तेच केलं. म्हणजे मी पहिली गोळी घेतली तेव्हा हे कागदावर आलेलं होतं. मला कुणी सांगितलं नाही.

एक कळकळीची विनंती. गोळ्या चालू असतील तर हे वाचून त्या परस्पर बंद करू नका. आयडी बदलून लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

आंबेमोहोर

बाईच्या बाजूने लिहिते, कारण आम्हाला हे कुणी विचारतही नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर डिप्रेशन आलं, याच गटातलं सर्ट्रालिन चालू झालं. बाळाला घ्यावंसंही वाटत नव्हतं, तिथून मी बाहेर आले ती त्या गोळीमुळे. वर्षभराने ती थांबली, पण बधिरपणा राहिला. चौदा महिने वाट पाहून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. थायरॉईड, साखर, हार्मोन्स, सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्या म्हणाल्या, "दोन मुलं झाली, आता कशाला एवढा विचार?" मी चौतीस वर्षांची आहे हो.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू इतके दिवस माझ्यासाठी नाटक करत होतीस?" करत होते. ते मी बंद केलं, आणि खरं सांगते, त्याने माझा अर्धा शीण गेला. आता एक ठरलंय. रविवारी मुलं आजीकडे गेली की तो माझ्या डोक्याला तेल लावतो. पुढे काही व्हायलाच पाहिजे असं नाही. टाळू बधिर झालेली नाही माझी. त्याची बोटं कानामागे आली की अजून अंगावर काटा येतो. एवढं शिल्लक आहे, ते आम्ही जपतो.

बांधावरचा

बायकोची परवानगी घेऊन लिहितोय. तिला रिस्पेरिडोन चालू होतं, ते वेगळ्या गटातलं, भास-भ्रमाच्या आजारांवरचं औषध. पाच महिने पाळी नाही. आईने दिवस गेले समजून देवीची ओटीसुद्धा भरली. घरी दोनदा टेस्ट केली, दोन्ही वेळा एकच रेघ. मग ब्लाऊज ओला व्हायला लागला, छातीतून दूध. ती इतकी घाबरली की कॅन्सर झाला म्हणून रात्रभर बसून राहिली. जवळ येऊ देणं तर कधीच थांबलं होतं आणि मी समजत होतो, आजारच वाढला.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी सांगितली. आकडा कितीतरी वर. या औषधाने ते हार्मोन वाढतं, त्यानेच पाळी जाते आणि इच्छाही. औषध बदलून ॲरिपिप्राझोल दिलं. तीन महिन्यांत पाळी आली, बाकीचं सावकाश आलं. आमचं परत आलं म्हणून मुद्दाम लिहितोय. प्रत्येक त्रास कायमचा नसतो. तपासणी करून घ्या.

निनावी२९

पॅरॉक्सेटिन, तीही एसएसआरआयच, दोन वर्षं. बंद करून वर्ष झालं. माझं लग्नाचं बघतायत. कांदेपोह्यांच्या वेळी पगार, फ्लॅट, गोत्र सगळं विचारतात, हे कुठे सांगायचं?

एका मुलीला दुसऱ्या भेटीत सांगितलं. पाण्याची बाटली हातात घट्ट धरून बोललो, झाकण चेपलं गेलं. तिने आठ दिवस मागितले आणि फोन करून नाही म्हणाली. तिने कुणालाच सांगितलं नाही. तिच्या घरून "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. घरच्यांना अजून माहीत नाही. कुणी सांगितलंय का आईवडिलांना? कसं?

केवडा

वरचं सगळं खरं असेल. पण मी या गोळ्यांमुळे जिवंत आहे, तेही इथे राहू दे. त्रास मलाही झाला. डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलून ब्युप्रोपियॉन ही वेगळ्या गटातली नैराश्यावरची गोळी दिली, दोनेक महिन्यांत फरक पडला. सांगायलाच मी सहा महिने घालवले.

रात्रपाळी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पहिली कबुली अशी की या प्रश्नावर आम्ही पेशंटला पुरेसा वेळ देत नाही. ओपीडीत झोप, भूक, रडू विचारतो, हे राहून जातं.

गोळी चालू असतानाचा लैंगिक त्रास खूप जणांना होतो, आणि डोस कमी करून किंवा औषध बदलून तो बहुधा आवरता येतो. नैराश्यानेही इच्छा जाते, म्हणून गोळी सुरू व्हायच्या आधी तुमचं कसं होतं ते डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. नंतर "हे आधीपासूनच असेल" असं कुणी म्हणू शकत नाही. गोळी थांबल्यावर राहिलेल्या त्रासावर मात्र सिद्ध झालेला उपाय आजतरी नाही. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलचा काहींना उपयोग होतो (हृदयाची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय अजिबात नको), बधिरपणा त्याने जात नाही. खोटी आशा देण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं.

मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम २२ नुसार उपचारांचे माहीत असलेले दुष्परिणाम तुम्हाला समजेल अशा भाषेत कळणं हा तुमचा हक्क आहे. दुष्परिणामाची नोंद पेशंट स्वतःही करू शकतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. कृपया नोंदवा. नोंदीच झाल्या नाहीत तर आमच्यासारख्यांना वाटत राहतं की आपल्याकडे हे होतच नाही. आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, रात्रीसुद्धा लागतो.

बांधावरचा

गुप्तरोगाच्या भिंतीवरच्या जाहिरातीला भुलू नका, हे राहिलं. माझ्या चुलतभावाने याच त्रासापायी भस्म आणि तेलावर ३८ हजार घातले. हाती रिकाम्या बाटल्या.

आंबेमोहोर

निनावी२९, आईवडिलांना सगळं एका दमात सांगू नकोस. मी बहिणीला आधी सांगितलं, तिने आईला. "औषधाचा दुष्परिणाम" एवढ्या शब्दांवर आई थांबली, पुढचं तिने विचारलं नाही. रात्री येऊन नुसती शेजारी झोपली.

माचीवरची

मी धागा काढणाऱ्याची बायको. शनिवारी रात्री त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी सगळं वाचलं.

मला त्याचं बाहेर काही आहे असं वाटायचं. मी त्याचा मोबाइल तपासला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. आरशासमोर उभं राहून माझ्यात काय कमी झालं ते शोधायचे. या धाग्यावर ज्याला त्रास आहे त्याच्या बायकोने लिहिलेलं काही दिसलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही गप्प राहता तेव्हा आम्ही स्वतःलाच दोष देत बसतो.

काल दोघांनी मिळून ती नोंद करायला घेतली. जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या फाइलीतून औषधाचं नाव, डोस, तारखा काढल्या. "त्रास कधी सुरू झाला" यापाशी तो अडला, त्याला आठवेना. मी सांगितलं, नोव्हेंबर २०१९, दिवाळीनंतरचा आठवडा.

मला आठवत होतं.